काल्बूबू एजेची बाविसावी चिठ्ठी

माझे एकशेनव्वद प्रश्न काल्बूबू एजेनं लोकर पिंजता पिंजता उडवून लावले, आणि मला पहिला राग आला तो त्याचाच. बिश्केकहून दोन खिंडी ओलांडून, एप्रिलच्या चिखलात बूट रुतवत मी आत-बाशीच्या पलीकडच्या त्या गावात पोचले होते, आणि जिला आमच्या रीतीप्रमाणं मी एजे, म्हणजे ताई, म्हणत होते ती बाई माझ्याकडं बघायलासुद्धा तयार नव्हती.

माझं काम तसं सोपं होतं. वीस चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एकेक शब्द: ताप, श्वास, ओठांचा रंग, सूज, रक्तदाब, तहान, बाळाचं रडणं, असे. त्यातल्या दोन समोर धरायच्या आणि विचारायचं, या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींच्या किती जवळ आहेत? एक म्हणजे फार लांब, नऊ म्हणजे अगदी चिकटून. विसांच्या जोड्या एकशेनव्वद होतात, आणि त्या सगळ्या विचारायच्या असतात.

"अगं, सोयरिकी जुळवायला आलीस का काय?" एजे म्हणाली. "सूज आणि तहान. लावू का लग्न?"

"एजे, नीट सांगा ना."

"नीटच सांगतेय. दोन लिही. नको, तीन लिही. बिचारी तहान एकटी पडायची."

मी तशी तापट आहे, आई लहानपणापासून सांगत आलीय. पण पोटापाण्याचं काम म्हणून गप्प बसले आणि तीन लिहिले.

काल्बूबू एजे त्या गावची फेल्डशर. म्हणजे डॉक्टर नाही, नर्सही नाही; जिथं डॉक्टर पोचत नाही तिथं सगळं बघणारी ती फेल्डशर. एकतीस वर्षं तिनं चार वस्त्या घोड्यावरून आणि पुढं एका खिळखिळ्या जीपमधून सांभाळल्या. शिवाय गेली बारा वर्षं दर वसंतात आणि दर शरदात ती नारीनच्या प्रशिक्षण केंद्रात आठ-आठ नव्या मुलींना शिकवायची. घरभेटीला गेल्यावर खरा आजारी कोण आणि किती, हे ओळखायला शिकवायची. तिच्यासारखे शिकवणारे एकूण सहा जण होते. आता केंद्राला चारच ठेवायचे होते.

कोणते चार? ते ठरवण्यासाठी आमच्या संस्थेकडं काम आलं. शिकवणाऱ्याच्या डोक्यात गोष्टी जशा मांडलेल्या असतात तशाच त्या हळूहळू शिकणाऱ्याच्या डोक्यात जातात, असं आमचं म्हणणं. म्हणून ती मांडणी मोजायची. जोड्यांचे आकडे यंत्रात घातले की यंत्र एक जाळं काढून देतं: जवळच्या गोष्टींमध्ये रेघ, लांबच्यांमध्ये काही नाही. ज्यांची जाळी बाकीच्यांशी सगळ्यात कमी जुळतात त्या दोघांना काढायचं. चिठ्ठ्या मी केल्या होत्या. मला त्यांचा अभिमानही होता, उगाच कशाला लपवू?

निघताना मी एजेला म्हणाले, "तुम्हाला आता कशाला हवीय ही दगदग? अठ्ठावन्न झाली तुम्हाला. शिकवायला दुसरे आहेत."

तिनं पहिल्यांदा लोकर खाली ठेवली.

"हे बघ पोरी. जीपची किल्ली घेतलीत तरी चालेल. दवाखाना घेतलात तरी रडत बसणार नाही. शिकवणं मात्र काढू नका. ते मला करायचंच आहे."

"का पण?"

"तुझ्या चिठ्ठ्यांत नाही ते," ती म्हणाली, आणि पुन्हा पिंजायला लागली.

आकडे आले. बाकीच्या पाच जणांची जाळी पाहून मला बरं वाटलं: छातीचं एका बाजूला, पोटाचं एका बाजूला, गरोदरपणाचं एका बाजूला, अगदी पुस्तकातल्या धड्यांसारखं. एकमेकांशी जुळणंही शंभरात सत्तर, पंच्याहत्तर. काल्बूबू एजेचं जाळं म्हणजे नुसता गुंता. श्वासाची रेघ सुजेला, ओठांचा रंग एकटाच कोपऱ्यात, तहानेला कुणीच वाली नाही. जुळणं शंभरात एकतीस.

केंद्राचे प्रमुख मामितबेक आगाय. आगाय म्हणजे आमच्याकडं गुरुजी, पण हे आता नुसते कागदांचे गुरुजी राहिलेत. ते म्हणाले, "वय झालं तिचं, एल्नुरा. वाईट मलाही वाटतं. सोमवारी समिती बसतेय, शुक्रवारी अहवालावर सही करून टाक."

मी सही करणारच होते. पण आमच्यात एक नियम आहे: दोन आठवड्यांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. मी फोनवरून विचारले. एजेनं मागून बकऱ्यांचा कालवा, मधूनच कुणावर तरी खेकसणं, अशा गडबडीत उत्तरं दिली. ताळा करायला बसले आणि आकडे दोनदा मोजले. एकशेनव्वदपैकी एकशेएकाहत्तर उत्तरं तीच. बाकीच्या कुणाचीही दीडशेच्या वर जुळली नव्हती.

आता मला सांगा, ज्याच्या डोक्यात घोळ आहे तो माणूस तोच घोळ दुसऱ्यांदा हुबेहूब घालू शकेल का? तिच्या डोक्यात मांडणी होती, आणि पक्की होती. दिसत नव्हती ती मला.

मंगळवारी मी पुन्हा त्या गावात.

"आलीस परत?" एजे जीपमध्ये बसत होती. "आता काय, घटस्फोट घ्यायचेत का त्या जोड्यांचे?"

"एजे, मला नुसतं बरोबर येऊ द्या."

"चढ मग. आणि ते दार ओढून धर, वाटेत उघडतं."

बोलावणं साप्पारबाय आजोबांच्या गुडघ्याचं होतं. आम्ही पोचलो. उंबऱ्यातच घरच्या बाईनं कापडात नान आणला. एजेनं तुकडा मोडला, मी मोडला, तोंडात घातला, आत गेलो. गालिच्यावर बसलो. पुन्हा नान, साय, जर्दाळूचा मुरंबा. आजोबा गुडघ्याची कहाणी सांगायला लागले आणि ती काही संपेना. एजे हं हं करत नान चघळत होती. मी मनात म्हणत होते, बाई गं, कधी तपासणार ही?

चहा सून ओतत होती. सेझिम तिचं नाव, विशीतली, आठवा महिना लागलेला. सुनेनं चहाच्या किटलीपाशी बसायचं, वाटी रिकामी झाली की घ्यायची, तळाशी घोट-दोन घोट ओतून परत द्यायची. थोडा चहा म्हणजे मान: तुम्ही पुन्हा मागा, आम्ही पुन्हा देतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पाहुण्याला 'उठा आता' म्हणणं. हे आमच्याकडं चार वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं.

सेझिमनं एजेची वाटी काठोकाठ भरली. वरून थोडा चहा कापडावरही सांडला.

सासूचा चेहरा उतरला. "अगं ए! डोळे कुठं आहेत तुझे? एजे, माफ करा हो, पोरीला वळणच नाही. माझं कपाळ!"

माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला बोलू? काय उद्धट सून आहे!

एजेनं ती भरलेली वाटी दोन्ही हातांनी घेतली, शांतपणे एक घोट प्याली आणि खाली ठेवली. "मी काही लगेच उठणारी नाही बरं का," ती हसून म्हणाली. मग पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं. "चला, गुडघा राहू दे जरा. आज सगळ्यांचा रक्तदाब बघते. आधी आजोबा."

आजोबांचा बघितला. सासूचा बघितला, आणि तिला सांगितलं, "तुझा माझ्यापेक्षा चांगला आहे, जळतेय मी." सासू खूश झाली. मग एजे सहज म्हणाली, "ये गं, तुझाही बघते. आता पट्टा काढलेलाच आहे."

एकशेसत्तरवर एकशेदहा.

मी आकडा पुन्हा एकदा वाचला. एजेचा आवाज मात्र तसाच. "डोकं दुखतंय का गं?"

सेझिमनं सासऱ्यांकडं पाहिलं, खाली पाहिलं. "थोडं."

"कधीपासून?"

"परवापासून."

"समोर काजवे चमकतात?"

तिनं होकाराची मान हलवली. वाटी कुठपर्यंत भरलीय हे त्या पोरीला दिसतच नव्हतं. सासरच्या माणसांपुढं 'मला बरं नाही' म्हणायला तिचं तोंड उघडलं नसतं, चार दिवसांनीही नाही.

एजेनं तिथंच इंजेक्शन दिलं, शेजारच्याची गाडी मागवली आणि सेझिमला आत-बाशीच्या इस्पितळात धाडलं. सासूला बाहेर नेऊन दोन वाक्यांत काय ते समजावलं. सासू ओरडली नाही, धावत जाऊन सुनेची शाल घेऊन आली. मग एजे परत गालिच्यावर बसली आणि म्हणाली, "हं आजोबा, आता गुडघा." सेझिमला सहा दिवसांनी मुलगी झाली, मूठभर, पण दोघी धडधाकट.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "एजे, तुम्हाला कधी कळलं?"

"वाटी भरली तेव्हा."

"आणि त्याच्या आधी?"

"उंबऱ्यात नान आणला तो सासूनं. सून घरात असताना सासू कशाला आणेल? मग बसलो. नान चघळताना मी बघतच होते, किटली उचलताना ती दोनदा थांबली. करंगळीनं वाटीचा काठ चाचपत होती. अंगठी बोटात नव्हती, गळ्यातल्या दोऱ्यात होती."

"हे सगळं तुम्ही मुलींना शिकवता?"

"हे काय शिकवायचं?" ती चकित झाली. "सूज शिकवते, रक्तदाब शिकवते. नान कुणी शिकवतं का? ती तर रीत आहे."

मी कपाळाला हात लावला, अगदी खराखुरा. तिच्या डोक्यातली मांडणी छातीची, पोटाची नव्हतीच. ती घराची होती: उंबरा, नान, गालिचा, किटली, वाटी. नान चघळायला लागतो तेवढ्या वेळात तिला सगळं दिसायचं आणि एकमेकांना जोडलं जायचं. अन् माझ्या वीस चिठ्ठ्यांत नान नव्हता. बाहेरच्या कुणी चिठ्ठ्या केल्या असत्या तर त्यानं नक्की विचारलं असतं, ही माणसं दारातच काय खातात? मी इथलीच. दर उंबऱ्यावर नान मोडणारी. म्हणून मला तो दिसला नाही. माझाच मला इतका राग आला की जीपचं दार धरायचं विसरले आणि ते उघडलं.

"धर म्हटलं ना!" एजे ओरडली.

एजेच्या घरी पोचल्यावर मी एकविसावी चिठ्ठी केली आणि तिच्यावर नान लिहिलं. मग एक कोरी चिठ्ठी तिच्यासमोर सरकवली.

"अजून काही राहिलं असेल तर तुम्ही लिहा. मला आता माझ्यावर भरवसा नाही."

एजे हसली नाही. तिनं चिठ्ठी घेतली. पेन्सिल मागितली. एकच शब्द लिहिला. नुरिला.

"हा कोणता आजार?"

"आजार नाही. विचार तू. तुझ्या पद्धतीनं विचार."

मी विचारायला लागले. नुरिला आणि ताप? "नऊ." नुरिला आणि सूज? "नऊ." नुरिला आणि तहान? "नऊ." दहाव्या जोडीला मी पेन खाली ठेवलं. "एजे, राहू द्या. कळलं मला."

"तुला काही कळलेलं नाही. सगळ्या विचार."

एकवीस जोड्या. एकवीस वेळा नऊ. शेवटची जोडी नुरिला आणि नान. त्यावर ती म्हणाली, "तुझ्याकडं नऊच्या वरचं काही नाही ना? मग नऊ."

मग तिनं सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वीचा शरद. लसीकरणाची यादी संध्याकाळच्या आत पुरी करायची होती, वरून बोलणी बसली होती. नुरिला खालच्या वस्तीवरची सून, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. त्या घरात बालक नव्हतं, म्हणून एजे घोड्यावरून उतरलीच नाही. सून कापडात नान घेऊन घोड्यापाशी आली. माणूस दारावरून नान न खाता जाऊ नये म्हणून.

"मी वरूनच वाकले, तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि घोडा वळवला. तिच्या हातातून घेतला गं, पण हात पाहिला नाही. चेहरा पाहिला नाही. भिंतीतल्या कोनाड्यातून घ्यावा तसा घेतला. तिसऱ्या दिवशी झटके येऊन गेली. पोटातल्यासकट. आंघोळ घालायला मीच होते. बोटं अशी सुजली होती की अंगठी कापावी लागली." एजेनं डोळे पुसले, लपवले नाहीत. "रीत मी पाळली होती. कुणी मला एक शब्द बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं."

"म्हणून शिकवायचंय तुम्हाला."

"म्हणून. आणि बारा वर्षांत एकाही पोरीला हे सांगायला जीभ वळली नाही. सूज सांगते, आकडे सांगते, आणि घरी येते."

मलाही रडू आलं. मी रडले. मग आम्ही दोघींनी चहा घेतला आणि ती म्हणाली, "ही चिठ्ठी तुझ्या यंत्रात घालू नकोस. ती तुझ्या साहेबांसाठी नाही." मी ती चिठ्ठी तिच्याकडंच ठेवली.

सोमवारी समिती बसली. अध्यक्ष राकिया ओस्मोनोव्ना, स्वतः जुन्या डॉक्टर, चष्म्यावरून बघणाऱ्या. मामितबेक आगायांनी माझा सही नसलेला अहवाल पुढं केला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी शाळकरी पोर.

"आकडा एकतीस आहे," मी म्हणाले, "पण तो खोटा आहे. चूक काल्बूबू एजेची नाही, माझी आहे. चिठ्ठ्या अपुऱ्या होत्या. सहाही जणांना पुन्हा विचारावं लागेल."

"अगं, वेड लागलंय का तुला?" आगाय तडकले. "दोन महिन्यांचं काम! संस्थेत काय सांगशील?"

"माझी चूक झाली असं सांगेन. आणि काय सांगणार?"

"काय राहिलं होतं?" राकिया ओस्मोनोव्नांनी विचारलं.

"नान."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. टेबलावर, नेहमीप्रमाणं, नानाची थाळी होतीच. मी सेझिमची वाटी सांगितली, सासूनं उंबऱ्यात आणलेला नान सांगितला. नुरिलाचं नाव काढलं नाही. राकिया ओस्मोनोव्नांनी थाळीतला तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसल्या. त्या काय आठवत होत्या कोण जाणे. मग म्हणाल्या, "किती दिवस लागतील?"

"नऊ."

"मग इथं का बसलीस?"

नऊ दिवस मी भुतासारखी फिरले. संस्थेत बोलणी खाल्ली, ती खायचीच होती. एकवीस चिठ्ठ्यांची नवी जाळी आली तेव्हा मी देवाचं नाव घेऊन कागद उलटला. एजेचा गुंता सुटला होता. मधोमध नान, आणि त्याच्याभोवती श्वास, सूज, ओठांचा रंग, तहानसुद्धा. गंमत म्हणजे बाकीच्या पाचांपैकी तिघांच्या जाळ्यातही नानाला दोन-दोन, तीन-तीन रेघा जाऊन मिळाल्या; उरलेल्या दोघांचं जुळणं खाली घसरलं. त्यांनाही माहीत नव्हतं. एजेचं जुळणं चौसष्टवर आलं. सहा जणांत चौथी.

मी फोन केला. "एजे, राहिलात तुम्ही! काठावर."

पलीकडं बकऱ्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "शाळेतही मी चौथीच यायचे." आणि फोन ठेवून दिला. तिचा आवाज फुटला होता, तो मला ऐकू येऊ नये म्हणून.

मेमध्ये तिचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम नारीनला गेले. आठ मुली, इस्त्रीचे पांढरे कोट, नव्या वह्या. एजे दारात कापडात नान घेऊन उभी राहिली आणि प्रत्येकीला आत घेताना पुढं केला. मुलींनी तुकडे मोडले, "रहमत, एजे" असे आभार मानत लगबगीनं पुढं जाऊन जागा धरल्या. सगळ्यात शेवटी मी. मीही मोडला, तोंडात घातला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

एजे फळ्यापाशी आली. दोन्ही हात पाठीमागं.

"माझ्या हाताला काय झालंय?" तिनं विचारलं.

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "कुठल्या हाताला, एजे?"

"ज्या हातातून आत्ता नान घेतलात, त्या."

कुणालाच सांगता येईना. मी आठवून पाहिलं. नानावरचे तीळ आठवले, कापडाची लाल किनार आठवली. हात आठवेना. सगळं माहीत असून आठवेना.

तिनं उजवा हात पुढं केला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत, जखमेला बांधतात तशी जाड पांढरी पट्टी गुंडाळली होती. घरून येताना मुद्दाम बांधून आलेली.

मग तिनं कोटाच्या खिशातून ती चिठ्ठी काढली आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"हिचं नाव नुरिला," ती म्हणाली. "बावीस वर्षांची होती. आत्ता तुम्ही माझ्या हातातून नान घेतलात ना, तसाच मी तिच्या हातातून घेतला होता. वह्या मिटा, सांगते."